मागे राहिलेला मळा

जालन्याहून मेहकरास जाणाऱ्या हमरस्त्यावर सिंदखेडराजा व दुसरबीड ही गावे मागे पडली म्हणजे बीबी लागते. बुलढाणे जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत शोधू जाल तर सहसा सापडावयाचे नाही. एका अंगास जिजाबाईंचे माहेर, दुसऱ्या अंगास लोणारचे विवर आणि दैत्यसूदनाचे देऊळ. दोन थोर माणसांच्या मध्ये बसलेल्याकडे जसे कोणाचे लक्ष जात नाही तसे या गावाचे झाले आहे. परंतु रस्त्याच्या काठी असल्याचा लाभ त्यास मिळाला आहे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परततांना याच मुलखातून, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर अशा वाटेने जाते. जातांनाचे वारकरी आणि येतांनाचे वारकरी यांत फार अंतर असते. जातांना मुखावर उत्कंठा असते. येतांना पायांस भेगा पडलेल्या, अंगावरची वस्त्रे पावसाने भिजून वाळलेली, आणि डोळे रस्त्यापेक्षा दुतर्फाच्या शेतांकडे अधिक लागलेले. कोणाचे निंदण झाले, कोणाचे राहिले, कोणाच्या कपाशीत तण माजले, हे पाहत पाहत ती मंडळी चालत असतात. आपल्या शेताची वार्ता ती परक्याच्या शेतात वाचीत असतात, असे आम्हांस वाटले.

श्रावणाच्या तोंडाशी आम्ही बीबीस एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी दोन दिवस राहिलो होतो. विद्यार्थी स्वतः पुण्यास नोकरीवर. घरी त्याचे वडील एकटेच. घरामागे एक लहानसा मळा आहे. त्यास परसबाग म्हणावे तर थोडा मोठा आणि शेत म्हणावे तर अगदीच लहान. वांग्यामिरच्यांचे वाफे, मांडवावर दोडक्याचा व कारल्याचा वेल, कडेला अंबाडी, विहिरीच्या थारोळ्याशी कढीलिंब, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एक जुना शेवगा. पाटाचे पाणी वाफ्यात वळवितांना म्हातारा पायाच्या अंगठ्याने मातीचा बांध असा फोडी व असा बुजवी की, आमच्यासारख्या खडू धरून हात झिजविलेल्या माणसाने ते पाहतच बसावे. मुलाने सहा महिन्यांपूर्वीच पुण्यास चलण्याविषयी आग्रह धरला होता व दिवाळीनंतर तो न्यावयास येणार होता. म्हातारा स्पष्ट नाही म्हणत नसे, इतकेच म्हणे, "पोराचं म्हननं खरं हाये, गुरुजी. पन ह्या वाफ्याईले कोन पाहीन?"

त्याचे मन वळवावे, निदान थोडे हलके करावे, या हेतूने आम्ही त्यास विनोबांची गोष्ट सांगितली. वर्ध्याजवळ पवनार येथे विनोबांनी स्वतःच्या हातांनी मळा केला होता, विहीर खणली होती, आणि एके दिवशी तो सगळा सोडून ते जे चालू लागले ते तेरा वर्षांनी परत आले, अशा प्रकारे आम्ही बरेच रंगवून सांगितले. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याच्या बालपणी विनोबांचे नाव गावोगाव झाले होते, तेव्हा गोष्ट त्यास अगदीच परकी नव्हती. गोष्ट संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"मंग त्या मळ्याले पानी कोनं घातलं?"

तीस वर्षे आम्ही इतिहास शिकवीत आहो. भूदानाच्या चळवळीवर विद्यार्थ्यांस टिपणे उतरवून दिली, प्रश्नपत्रिका काढल्या, उत्तरे तपासली. परंतु हा प्रश्न आमच्या मनात कधीही आला नव्हता, आणि त्या क्षणी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील लेखन हे त्या उत्तराच्या शोधात झालेले आहे.

मळा आणि वाट यांचे नाते महाराष्ट्रात पुरातन आहे. अरणचा सावता माळी हा मळा न सोडणाऱ्यांचा आदिपुरुष. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे गाव पंढरपुरापासून काही फार दूर नाही. तरी सावतोबा वारीस गेले नाहीत अशी संप्रदायात दृढ श्रद्धा आहे. आपल्या भाजीच्या वाफ्यांतच त्यांस विठ्ठल दिसला, मग चालत कोठे जावयाचे? म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात, आणि सावतोबांच्या भेटीस पंढरीहून देवाची पालखी अरणास येते. इसवी सन १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही त्याच मातीत. दुसरा प्रकार वारकऱ्याचा. पेरणी उरकून, मळा शेजाऱ्याच्या किंवा घरच्यांच्या स्वाधीन करून तो निघतो, आणि एकादशी झाली की निंदणाच्या ओढीने परततो. त्याची वाट वर्तुळासारखी आहे. ती मळ्यातून निघते व मळ्यातच येऊन मिळते. या दोन प्रकारांत बहुतेक महाराष्ट्र बसतो. विनोबांचे निघणे या दोहोंतही बसत नाही, आणि म्हणूनच ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. त्यांच्या बालपणीच्या ज्या आठवणी प्रसिद्ध आहेत त्यांत झाडांस फार मोठे स्थान आहे. तुळशीस पाणी घातल्याशिवाय आई जेवावयास वाढीत नसे. घरच्या फणसाचे फळ पिकले म्हणजे त्याचे गरे प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचवावयाचे आणि मग घरच्या मुलांनी खावयाचे, असा त्या माउलीचा दंडक होता. पुढे लक्षावधी एकर जमीन मागणाऱ्या पुरुषाचे पहिले दान हे असे पानावरच्या गऱ्यांचे होते. झाडास पाणी घालणे आणि झाडाचे फळ वाटणे ही दोन कामे त्या घरात निराळी मानली जात नव्हती, ही गोष्ट आम्हांस पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते.

त्यांनी घर सोडले ते २५ मार्च १९१६ रोजी. बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघाले, आणि सुरतेस गाडीतून उतरून काशीची वाट धरली. तत्पूर्वी आपली प्रशस्तिपत्रे त्यांनी आईच्या देखत चुलीत घातली होती. आम्ही ज्या कागदांवर उभा जन्म काढला त्यांची ही किंमत वाचून आरंभी आम्हांस राग येत असे. आता वयोमानाने तो निवळला आहे. हे पहिले निघणे त्या मानाने सोपे होते. वीस वर्षांच्या तरुणाने घर सोडणे यात मागे पाहण्यासारखे स्वतःच्या हातचे असे काहीच नसते. घर आईबापांचे असते. कठीण निघणे ते, जे पंचावन्नाव्या वर्षी आणि स्वतः लावलेल्या वाफ्यांतून घडते.

त्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले व १९२१ मध्ये वर्ध्यास आले. पवनारचा संबंध आला तो १९३८ मध्ये. प्रकृती अगदी खालावली होती; गांधीजींचे म्हणणे कोठे तरी थंड हवेच्या ठिकाणी जावे. विनोबांनी वर्ध्यापासून पाचसहा मैलांवरचे, धाम नदीच्या काठचे पवनार निवडले. तेथे जमनालाल बजाजांचा एक बंगला होता. तेथे त्यांनी औषधांपेक्षा कुदळीवर अधिक भरवसा ठेवला. प्रथम थोडा वेळ, मग अधिक, असे रोज शेतात खणावयाचे. आणि या उपायाने प्रकृती खरोखरच सुधारली. म्हणजे त्या भूमीचे ऋण प्रथम त्यांच्या शरीरावर झालेले होते.

पवनार हे गाव इतिहासज्ञांच्या परिचयाचे आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले होते. अलीकडे त्यास प्रतिपक्षही उभा राहिला आहे. परंतु पवनारच्या जमिनीत वाकाटककालीन शिल्पे निघतात याविषयी वाद नाही. विनोबा आणि त्यांचे सोबती खणीत असता त्यांच्या कुदळीस असेच एक शिल्प लागले. त्यात राम आणि भरत यांची भेट कोरलेली आहे असे त्यांनी ओळखले. योग असा की, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देतांना, जी साने गुरुजींनी उतरून घेतली, विनोबांनी बाराव्या अध्यायाच्या विवेचनात लक्ष्मण आणि भरत यांची तुलना केली होती. लक्ष्मण रामाबरोबर वनात गेला. भरत मागे राहिला. एकास सहवास मिळाला, दुसऱ्यास केवळ काम मिळाले. विनोबांच्या मनाचा ओढा भरताकडे होता हे ती प्रवचने वाचणाऱ्यास सहज कळते. तोच भरत सहा वर्षांनी त्यांच्या मळ्याच्या मातीतून वर आला, आणि आश्रमात त्याची स्थापना झाली. असा योगायोग कादंबरीकाराने योजिला असता तर आम्ही त्यास नावे ठेवली असती.

ज्यास आम्ही मळा म्हणतो तो मात्र खऱ्या अर्थाने उभा राहिला १९५० मध्ये. गांधीजींच्या निधनानंतर निर्वासितांच्या आणि मेवातच्या मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी विनोबा फिरत होते. त्या फिरतीतून परतल्यावर त्यांनी पवनारास कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. समाजातील अनर्थाचे मूळ पैशात आहे. तेव्हा संस्थांनी देणग्यांवर जगू नये आणि आश्रमाने तरी पैशावाचून जगून दाखवावे, हा त्यामागील विचार. पैसा नाही म्हणजे बाजारची भाजी नाही. तेव्हा आधी भाजीचा मळा. भाजीस पाणी हवे, तेव्हा विहीर. बैल ठेवावयाचे नाहीत. तेव्हा नांगराच्या जागी कुदळ आणि मोटेच्या जागी माणसांचे दंड. या शेतीस त्यांनी ऋषिशेती हे नाव दिले. बैलांची ती ऋषभशेती, यंत्राची ती इंजिनशेती, आणि केवळ हातांची ती ऋषिशेती, अशी त्यांची गमतीदार वर्गवारी होती. शिकलेले तरुण तेथे येऊन मातीच्या टोपल्या वाहू लागले. पंचावन्न वर्षांचे विनोबा त्यांच्या बरोबरीने खणीत. तो मळा म्हणजे विरंगुळा नव्हता. हिंदुस्थानातील दरिद्री खेड्यास भांडवलावाचून उठता येईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या चार वाफ्यांत शोधिले जात होते, आणि ते उत्तर निघावयास पाचदहा वर्षे तरी लागणार होती.

प्रयोगास जेमतेम सव्वा वर्ष झाले नसेल तोच बोलावणे आले. १९५१ च्या एप्रिलात हैदराबादेजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. विनोबांचा विचार न जाण्याचा होता. शंकरराव देवांनी आग्रह धरला. तुम्ही येणार नसाल तर संमेलनास अर्थ नाही असा त्यांचा रोख होता. तेव्हा विनोबांनी येतो म्हणून सांगितले, पण पायी. सुमारे तीनशे मैलांचा हा मार्ग त्यांनी मार्च महिन्याच्या प्रारंभी धरला. पायी जाण्याची अनेक कारणे चरित्रकार सांगतात. आमच्या मते साधे कारण हे की, ज्याने पैसा सोडला त्याने आगगाडीचे तिकीट कशाने काढावयाचे? म्हणजे वाट ही मळ्याच्या विरुद्ध नव्हती; ती त्या मळ्याच्या नियमातूनच फुटली होती. हे ध्यानात घेतल्यावाचून पुढची पदयात्रा हा केवळ साधूचा देशाटनाचा छंद वाटू लागतो.

पुढील कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती आम्ही थोडक्यात आटोपतो. संमेलन उरकून विनोबा तेलंगणात शिरले. तेथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्या झगड्यात खेडी होरपळत होती. १८ एप्रिल १९५१ रोजी नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, निम्मी ओलिताची आणि निम्मी कोरडवाहू. सभेत विनोबांनी तो प्रश्न गावापुढे ठेवला, आणि रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनी उठून शंभर एकर देऊ केली. त्या दिवसापासून वाटेस प्रयोजन मिळाले. पावसाळ्याचे दिवस पवनारास काढून १२ सप्टेंबर रोजी विनोबा पुन्हा निघाले ते दिल्लीकडे. आणि मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाड, केरळ असे चालतच राहिले. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघावयाचे, ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठावयाचा, संध्याकाळी सभा, दुसरे दिवशी पुढचे गाव. तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, हे त्यांचे मागणे. १९५८ च्या मे महिन्यात ते पंढरपुरास आले व निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाच्या दर्शनास गेले. ज्या मंदिराची दारे हरिजनांस उघडावी म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले होते तेच हे मंदिर. वारकऱ्याची वाट येथे पुरी होते व तो घरी वळतो. विनोबा पंढरपुराहून पुढे चालू लागले.

आता त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्न पवनारच्या मळ्यापुरता नाही हे हळूहळू आमच्या ध्यानात आले. भूदानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. यांतील निम्म्याच्या आसपास एकट्या बिहारची. दानपत्रांचा तो ढीग जगातील कोणत्याही राज्यकर्त्यास शस्त्रावाचून मिळविता आला नव्हता, हे निःसंशय. परंतु त्यांतील मोठा भाग प्रत्यक्ष वाटला गेलाच नाही. कोठे खडक, कोठे नदीचे पात्र, कोठे जंगल, कोठे वारसांचे दावे. आणि जेथे जमीन खरोखर चांगली होती तेथे ती मिळालेल्या भूमिहीनाजवळ ना बैल, ना बियाणे, ना विहीर. विनोबांस हे दिसत नव्हते असे नाही. त्यांनी पुढे बैलही मागितले, विहिरीसाठी कूपदानही मागितले. कायदेही झाले, आमच्या वऱ्हाडाचे जिल्हे तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होते, आणि १९५३ चा मध्यप्रदेश भूदानयज्ञाचा कायदा येथे लागू झाला होता. परंतु कायद्याने सातबारावरचे नाव बदलते, वाफ्यात पाणी जात नाही. चालणारा पुरुष आज येथे तर उद्या पुढच्या गावी. त्याच्या वाणीने पाझरलेली माणसे तो गेल्यावर पुन्हा घट्ट होत. जमीन मागण्यास एक संध्याकाळ पुरते. ती पिकविण्यास कोणी तरी वर्षानुवर्षे तेथेच राहावे लागते.

म्हणून आम्हांस कधी कधी असे वाटते, आणि हे आम्ही भीतभीतच लिहितो, की पवनारचा तो प्रयोग अर्धा टाकून निघण्यात देशाची काही हानी झाली. ऋषिशेतीचे दहा वर्षांचे सिद्ध उदाहरण हाती असते, तर भूदानाच्या प्रत्येक एकराबरोबर ते देता आले असते. भांडवलावाचून एक एकर कसा कसावा याचे शास्त्रच ज्यास मिळाले नाही, त्याच्या हाती एक एकर दिला गेला. अर्थात यावर उलट उत्तर तयार आहे. तेलंगण जळत असता चार वाफ्यांचे शास्त्र रचीत बसणे हे कोणत्या धर्मात बसते? आणि ज्याच्या हातास कुदळीचे घट्टे नव्हते त्याने जमीन मागितली असती तर कोणी दिली असती? हेही खरे. आमच्या मनात या दोन पारड्यांचा काटा आजही स्थिर झालेला नाही.

वाट धरणाऱ्यांच्या चरित्रांत मागे राहिलेल्यांस एखाददुसरे वाक्य मिळते. वऱ्हाडचेच उदाहरण घ्यावे. गाडगे महाराज, म्हणजे पूर्वाश्रमीचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. गुरे आणि शेती यांत त्यांचा जीव रमलेला होता. राबणारा म्हणून पंचक्रोशीत लौकिक होता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी भल्या पहाटे ते घर सोडून निघाले. पुढे १९५६ पर्यंत खराटा आणि गाडगे घेऊन त्यांनी महाराष्ट्र झाडून काढला, धर्मशाळा बांधल्या, कीर्तनांनी माणसे जागी केली. हे आम्ही सर्व जाणतो. त्यांच्या मागे आई सखूबाई आणि पत्नी कुंताबाई, लेकरांसह, राहिल्या. बाबांनी उभारलेल्या धर्मशाळांचा लाभ स्वतःच्या कुटुंबास त्यांनी होऊ दिला नाही, याचे आम्ही कौतुक करतो. ते कौतुक करतांना कुंताबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील याचा विचार किती जण करतात? त्या पहाटेनंतरच्या सकाळी गुरांस चारा कोणी घातला, हे आमच्या तरी वाचनात कोठे आलेले नाही.

पवनारचे उत्तर मात्र सापडते. विनोबा गेल्यावर आश्रमातील सोबती मागे राहिले आणि त्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे काम चालविले. कोणी पुढे यात्रेत गेले, कोणी इतर कामांत. मग १९५९ मध्ये, स्वतः पदयात्रेत असतांनाच, विनोबांनी पवनारास ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. ते स्त्रियांसाठी. ब्रह्मचर्याने राहून अध्ययन, उपासना आणि शरीरश्रम करणाऱ्या भगिनींचा हा समुदाय. कोणी अधिष्ठात्री नाही, सर्व निर्णय सर्वांच्या संमतीने. स्वयंपाक, झाडलोट आणि शेतातील काम, सगळे त्यांच्याच हातांनी. स्थापनेचा दिवस त्यांनी निवडला तो २५ मार्च. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ज्या तारखेस त्यांनी घर सोडले होते त्याच तारखेस हे घर उभे राहिले. घर सोडण्याचा आणि घर मांडण्याचा दिवस एकच धरण्यात त्यांचा हेतू आध्यात्मिक होता हे आम्ही जाणतो. पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाने बुद्धीस जे वळण लागले त्यामुळे आम्हांस त्यात आणखीही काही दिसते. राम वनात असतांना अयोध्येचे काम कोणास तरी पाहावे लागते हे, भरताची मूर्ती मातीतून काढणाऱ्या पुरुषास, आठ वर्षांच्या चालीनंतर फार प्रकर्षाने जाणवले असावे.

१० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारास परतले. रामाचा वनवास चौदा वर्षांचा. यांचा तेराच्या आत. पुढे १९६५ पासून वाहनाने पुन्हा एक मोठी फेरी झाली, ती बिहारात विशेष रंगली. आणि १९७० च्या ऑक्टोबरात क्षेत्रसंन्यास घेऊन ते धामकाठी कायमचे स्थिर झाले. त्या वृद्धपणी त्यांचे एक आवडते काम आश्रमाच्या आवारातील काडीकचरा वेचण्याचे होते. लाखो एकरांची उठाठेव केलेला माणूस वाकून एकेक काडी उचलीत असे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. भगिनींचे काम त्यानंतरही थांबले नाही.

हे सर्व जुळवून आम्ही पुन्हा बीबीस गेलो ते दिवाळीच्या आधी. मांडवावरचा दोडका संपला होता आणि म्हातारा वाल लावण्याच्या तयारीत होता. प्रश्नाचे उत्तर आणले आहे असे सांगताच त्याने खुरपे खाली ठेवले व पाटाच्या काठावर उकिडवा बसून सगळे ऐकले. ब्रह्मविद्या मंदिराचा शब्द त्यास अवघड गेला; भगिनी म्हणताच मात्र त्याने मान हलविली.

"म्हंजे बायाईनंच," तो म्हणाला. मग थोडा वेळ कोपऱ्यातील शेवग्याकडे पाहत राहिला. "आमच्या घरीबी तेच, गुरुजी. म्या सात वाऱ्या केल्या. दर साली एकादशी झाली का जीव मळ्यात. येऊन पाहावं तं समदं हिरवं. हिनं पानी घातलेलं. तो शेवगा तिनंच लावेल हाये." आणि मग खुरपे उचलतांना, "तिची वारी राहूनच गेली."

मुलगा भाऊबिजेनंतर न्यावयास आला होता असे आम्हांस पुढे कळले. म्हाताऱ्याने त्यास पुढील आषाढापर्यंत थांबावयास सांगितले आहे. तोपर्यंत मळ्याची काळजी घेण्यास शेजारची एक पोर तो तयार करीत आहे. मग तो एकदा पंढरीस जाऊन येणार आहे, आणि त्या खेपेस, तो म्हणतो, हिच्या नावानं.